कुत-अल-अमाराच्या युद्धकैद्याची आठवण कशी जपावी

पहिल्या महायुद्धात, आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १४७ दिवस काढल्यावर, २९ एप्रिल १९१६ रोजी ब्रिटिश हिंदी सेनेच्या सहाव्या पुणे डिव्हिजनने तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली आणि सुमारे १३,००० माणसे कैदेत गेली. त्यांत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणींचे जवानही होते. वाळवंटातल्या पायपिटीत, उपासमारीने आणि आजाराने, किंवा बगदाद रेल्वेच्या कामावर त्यांतले कित्येक दगावले.

आपल्या घरातला कोणी तरुण तिकडून परतला नसेल, तर शोध नावापासून नव्हे, शिपाई क्रमांकापासून सुरू करावा. कारण मराठी नाव इंग्रजी कारकुनाने कानाला लागेल तसे लिहिलेले असते. जपून ठेवलेल्या पदकाच्या कडेवर क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. ती भिंगाने वाचावी, चिंच लावून पदक घासण्याचा मोह मात्र टाळावा. मृताच्या घरी पाठवलेल्या सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाच्या काशाच्या चकतीवर केवळ नाव असते, त्यामुळे तिच्यावरून पलटण कळत नाही.

त्यानंतर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (इंग्रजीत CWGC) संकेतस्थळावरील नोंदी पाहाव्यात. त्यांत पुष्कळदा वडिलांचे नाव, गाव आणि तालुका मिळतो. ज्यांची समाधी सापडली नाही अशांची नोंद बहुधा इराकमधल्या बसरा स्मारकाखाली असते. पण त्या स्मारकाच्या भिंतीच्या छायाचित्रात साध्या हिंदी शिपायाचे नाव शोधून दमू नये, कारण तेथे त्यांची केवळ संख्या कोरली गेली आणि नावे नोंदवहीत राहिली. हा भेद मला आजही बोचतो.

नोंदीतली मृत्युतिथी कैद्यांच्या बाबतीत अनेकदा अंदाजाची असते. तिच्यावरून पंचांग उघडून वाद घालण्यापेक्षा, तिथी अज्ञात असलेल्यांसाठी रूढ असलेली सर्वपित्री अमावास्या धरणे योग्य.

गावात महायुद्धाचा शिलालेख असल्यास त्यावर बहुधा किती लढायला गेले आणि किती मेले एवढेच आढळेल. मूळ दगडावर काहीही न कोरता, ग्रामपंचायतीच्या संमतीने शेजारी वेगळी पाटी लावावी. तिच्यावर ‘रणांगणी वीरमरण’ असे सवयीने लिहू नये. नाव, क्रमांक, पलटण, वय ठाऊक असल्यास वय, आणि त्याखाली स्पष्टपणे ‘तुर्कांच्या कैदेत मृत्यू’ असे लिहावे.