पुराचं पाणी ओसरलं की गाळ सुकायच्या आत काढा

२०२१ च्या जुलैत चिपळूणला वाशिष्ठी नदीचं पाणी घराघरात शिरलेलं, तेव्हा खरा त्रास पाण्यापेक्षा मागे राहिलेल्या गाळाचा झाला. हा चिखल ओला आहे तोवरच खराट्याने नि पाण्याने ढकलून बाहेर काढायचा, एकदा सुकला की फरशीच्या सांध्यात आणि दाराच्या चौकटीत असा बसतो की खरवडतच बसा.

पण त्याआधी मेन स्विच बंद (स्विचपर्यंत जायला पाण्यात उभं राहावं लागत असेल तर हात लावू नका, वायरमनला किंवा वीज कंपनीला कळवा), पायात गमबूट, कारण लेप्टोची (उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाची) भीती असते, आणि काहीही हलवायच्या आधी मोबाईलवर फोटो, भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असे. पंचनाम्याला आणि इन्शुरन्सला तेच लागतात.

फ्रिज, मिक्सर, मोटर "बघू चालतंय का" म्हणून लावायचं नाही, आधी मेकॅनिकला दाखवायचं. गाद्या सरळ टाकून द्या, जीव अडकवू नका. प्लायवूडचं कपाट भिंतीपासून ओढा, मागेच बुरशी धरते.

आणि रंगाची घाई तर अजिबात नको, गणपती आले म्हणून लोक ओल्या भिंतीवर पुट्टी मारून घेतात नि दिवाळीत पोपडे. भिंतीला प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून दिवसभर ठेवा, आतून घाम दिसला तर अजून थांबा.