केंद्राचं काम की राज्याचं? तक्रार करताना या चुका टाळा

रस्ता पुण्यात आहे म्हणजे तो शहराचाच, असं धरून मी कात्रज-देहूरोड बाह्यवळणावरच्या खड्ड्यासाठी दोन महिने चुकीच्या कार्यालयात खेटे घातले. तो राष्ट्रीय महामार्ग आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत: संघसूची (केंद्राचे विषय), राज्यसूची (राज्याचे) आणि समवर्ती सूची (दोघांचे). राष्ट्रीय महामार्ग संघसूचीत येतात, बाकीचे रस्ते राज्याकडे. तेव्हा अर्ज लिहिण्याआधी रस्ता कुणाच्या ताब्यात आहे ते विचारा.

कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीच्या हद्दीत, राहणाऱ्यांचा घोळ याहून मोठा. पुणे, खडकी आणि देहूरोड इथली कॅन्टोन्मेंट बोर्डं संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत, २००६ च्या कायद्याने चालतात. छावणी हद्दीतल्या घरभाड्याचं नियंत्रणसुद्धा संघसूचीत लिहिलेलं आहे, हे वाचून मी थक्क झालो होतो. त्यामुळे शेजारच्या पेठेतला नियम तिथे लागू होईलच असं नाही.

याच्या उलटही चूक होते. पुणे स्टेशनवर मोबाईल चोरीला गेला की लोक म्हणतात, रेल्वे केंद्राची, म्हणजे पोलीसही केंद्राचे. तसं नाही. राज्यसूचीतल्या 'पोलीस' या नोंदीत रेल्वे पोलीसही येतात. गुन्हा नोंदवायचा तो लोहमार्ग पोलिसांकडे, आणि ते राज्याचे.

'समवर्ती' म्हणजे निम्मं-निम्मं, असं समजू नका. दोघंही कायदा करू शकतात. टक्कर झाली तर कलम २५४ नुसार साधारणपणे संसदेचा कायदा टिकतो. राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती असेल, तर त्या राज्यात तो चालतो, मात्र संसद तोही नंतर बदलू शकते. शिक्षण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने या यादीत गेलं. शाळेबद्दलच्या वादात दोन्हीकडचे नियम वाचावे लागतात ते म्हणूनच.

मेट्रो एकट्या केंद्राची नाही. पुणे मेट्रोचं काम पाहणाऱ्या महामेट्रो कंपनीत केंद्र आणि राज्य निम्मे-निम्मे भागीदार आहेत.

माहिती अधिकारात मात्र खास जपा. केंद्राच्या पोर्टलवर राज्याच्या खात्याबद्दल अर्ज टाकला तर तो परत येतो, भरलेलं शुल्कही परत मिळत नाही. कागदी अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. 'आमचं काम नाही' असं म्हणून कुणी अर्ज परत देऊ लागलं, तर हे कलम दाखवा आणि पोच घेऊनच बाहेर पडा.