वॉशिंग मशीन: आधी या चुका टाळा, मग मेकॅनिकला फोन करा

मशीन पाणी सोडत नाही म्हणून फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: खालचा फिल्टर कधी उघडला होता? पलीकडे शांतता. मग, "फिल्टर म्हणजे ती आतली जाळीची पिशवी ना?" ती टॉप लोडची. फ्रंट लोडला पुढच्या बाजूला खाली, बहुतेकदा उजव्या कोपऱ्यात, एक छोटं झाकण असतं. त्यामागे ड्रेन पंपाचा, म्हणजे पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपाचा फिल्टर. मॅन्युअलमध्ये चित्रासकट दिलंय, पण मॅन्युअल पिशवीतून बाहेर काढायची आपल्याकडे पद्धत नाही.

वाघोलीतल्या एका घरी असंच झालं. कपडे पाण्यात, दार लॉक. आधी येऊन गेलेल्या कारागिरानं "मशीनचा सर्किट बोर्ड गेला" म्हणून हजारांतला आकडा सांगून ठेवला होता. मी फिल्टर उघडला. बाळाचा मोजा, हेअरपिना, कागदाचा लगदा आणि पंपाच्या पंख्यात आडवं बसलेलं एक नाणं. ते काढलं, मशीन सुरू. घरातले काका जरा हिरमुसलेच. "एवढंच होतं?" हो, बहुतेक वेळा एवढंच असतं.

माझी सवय सांगतो. वीजबिल भरलं की त्याच दिवशी फिल्टर उघडायचा. प्लग काढायचा, गरम पाण्याची धुलाई झाली असेल तर थांबायचं. बारीक नळी दिली असेल तर आधी तिच्यातून पाणी काढायचं. नसेल तर पसरट ताट आणि जुना टॉवेल. परात तिथे शिरत नाही, बादली तर नाहीच. फिल्टर हळूहळू फिरवायचा, ताट भरलं की परत घट्ट करायचा, ताट ओतून यायचं. घाई करणाऱ्यांच्या हॉलमध्ये तळं होतं. शेवटी टॉर्च मारून पंपाचा पंखा बोटाने फिरतोय का बघायचं.

दुसरी चीड पावडरची. फेस म्हणजे स्वच्छता हे आपल्या डोक्यात कुणी भरवलं कोण जाणे. फ्रंट लोडमध्ये कपडे वरून खाली आपटून निघतात. फेस जास्त झाला की ते गादीवर पडल्यासारखे पडतात, मळ निघत नाही. पंपालाही फेस नीट बाहेर टाकता येत नाही. तो ड्रमच्या मागे चिकटतो, आणि मग "मशीनला कुबट वास येतो" अशी तक्रार. बादलीत कपडे भिजवायची पावडर मशीनला नकोच. मशीनची पावडर नेहमीच्या कपड्यांना दोन मोठे चमचे. पटत नसेल तर रिकामं मशीन पावडर न घालता गरम पाण्यावर चालवा. काचेवर फेस दिसला ना? तो तुमच्या मागच्या धुलायांचा आहे.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर फेस कमी येतो, म्हणून लोक आणखी ओततात. खरं दुखणं वेगळं. जड पाणी तापलं की त्यातला क्षार हीटरवर पांढरा थर धरतो. थर वाढला की पाणी उशिरा तापतं आणि एक दिवस हीटर जातो. दर दोन महिन्यांनी रिकाम्या ड्रममध्ये शंभर ग्रॅम लिंबूसत्व टाकून साठ अंशांवर चालवावं. त्याच वेळी ब्लीच अजिबात टाकू नका, विषारी वायू होतो. लिंबूसत्व आणि खायचा सोडा एकत्र टाकायचा व्हिडिओवाला उपाय तर फुकट. दोघं एकमेकांना मारतात, क्षार तिथेच राहतो.

बाकीचं थोडक्यात.

धुणं झालं की दार आणि पावडरचा खण उघडा ठेवा, दाराच्या रबराची घडी पुसा. पावसाळ्यात तर रोज.

पाणी हळू भरतंय? नळ बंद करून मशीनमागचा पाइप काढा, तोंडाशी बारीक जाळी असते. टाकीतला गाळ तिथेच बसतो.

ड्रम गच्च भरू नका. वर हात जाईल एवढी जागा हवी.

चाकांच्या स्टँडवर फ्रंट लोड ठेवू नका. दुकानदार आग्रह करतो, कारण तो स्टँड तोच विकतो.

तळाला उंदीर शिरू नये म्हणून जाळी लावून घ्या. वायरी कुरतडलेली मशीनं चाळींत आणि बंगल्यांत सारखीच सापडतात.

आणि नवं मशीन नाचत असेल तर आधी मागे वाकून बघा. ड्रम धरून ठेवणारे वाहतुकीचे बोल्ट तसेच असतील. काढा, पण भंगारात देऊ नका. घर बदलताना तेच परत लावावे लागतात.