अडीच घरांची चाल : ‘हॅव गन – विल ट्रॅव्हल’ ही मालिका कशी पाहावी

‘हॅव गन – विल ट्रॅव्हल’ ही वेस्टर्न मालिका (म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या पश्चिम अमेरिकेतल्या बंदूकबाजांच्या कथांची) अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर सप्टेंबर १९५७ पासून एप्रिल १९६३ पर्यंत चालली. सहा हंगाम, २२५ भाग, प्रत्येक भाग जाहिराती वगळता साधारण पंचवीस मिनिटांचा आणि सर्व चित्रण कृष्णधवल. पुष्कळ जण पहिल्या भागापासून ओळीने पाहायला बसतात, एका रात्रीत पाच-सहा भाग संपवतात आणि आठवडाभरात ‘सगळे सारखेच आहे’ म्हणून मालिका सोडून देतात. पहिल्या खेपेस मीही हेच केले. ही मालिका आठवड्यातून एकदा पाहण्यासाठी बांधलेली होती. म्हणून दिवसाला एक, फार तर दोन भाग पाहावेत.

आधी दूरचित्रवाणी संचाकडे लक्ष द्यावे. चित्राचे प्रमाण ४:३ ठेवावे आणि दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. पडदा भरण्यासाठी चित्र ताणले की माणसे बुटकी आणि घोडे लांबोडके दिसू लागतात. हालचाल गुळगुळीत करणारी सोय (मोशन स्मूदिंग) बंद करावी. प्रखर रंगांसाठी केलेली मांडणी बदलून सिनेमासाठीची मांडणी निवडावी, कारण या मालिकेत काळ्याच्या किती छटा दिसतात यावर बरेच काही अवलंबून आहे.

मोबदला घेऊन लोकांची कामगिरी करणारा बंदूकबाज नायक पॅलाडिन सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्लटन हॉटेलात राहतो. तेथे तो झालरीचा सदरा घालून बुद्धिबळ खेळतो, संगीतिकेला जातो, मद्याची पारख करतो. कामगिरीवर निघाला की मात्र नखशिखांत काळा पोशाख चढवतो. धुळीच्या, उजळ माळरानावर ही काळी आकृती कशी उठून दिसते, ते पाहावे. रंगीत चित्रणात हा परिणाम निम्म्यावर आला असता असे मला वाटते. त्याच्या बंदुकीच्या म्यानावर बुद्धिबळातल्या घोड्याचे चांदीचे चिन्ह आहे आणि तोच घोडा त्याच्या भेटपत्रावरही आहे. त्या पत्राचा मजकूर एवढाच : बंदूक आहे, प्रवासास तयार; सॅन फ्रान्सिस्कोला पॅलाडिनच्या नावे तार करा.

भाग पाहण्याची किल्ली या घोड्यातच आहे. बुद्धिबळातला घोडा अडीच घरे चालतो, आणि या कथाही तशाच चालतात. कोणीतरी बोलावतो, मोबदला ठरतो (बहुधा हजार डॉलर), पॅलाडिन सरळ दोन घरे पुढे जातो आणि मग त्याच्या लक्षात येते की पैसे देणाराच खोटा आहे, किंवा ज्याला पकडायचे त्याची बाजू न्यायाची आहे. तेथे तो वळतो. तेव्हा गोळीबाराची वाट पाहत बसू नये. प्रत्येक भागात ते वळण नेमके कोणत्या वाक्यावर किंवा कोणत्या नजरेवर येते, ते शोधावे. दोन-चार भागांत डोळा तयार होतो.

ती नजर पॅलाडिनची भूमिका करणाऱ्या रिचर्ड बून यांची आहे. १९१७ साली लॉस एंजेलिस येथे जन्मलेले बून दुसऱ्या महायुद्धात नौदलात होते, पुढे त्यांनी न्यूयॉर्कच्या ‘अ‍ॅक्टर्स स्टुडिओ’त अभिनयाचे धडे घेतले आणि १९५४ ते १९५६ या काळात ‘मेडिक’ या मालिकेत डॉक्टरची भूमिका केली. नायक म्हणून शोभावा असा गोंडस चेहरा त्यांना नव्हता : ओबडधोबड त्वचा, मोठे नाक, जड पापण्या. पण समोरचा बोलत असताना ऐकावे कसे, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. एक प्रयोग करावा. हॉटेलातला एखादा प्रसंग दोन मिनिटे आवाज बंद करून पाहावा आणि डोळे केवळ बून यांच्यावर ठेवावेत. समोरच्याचे म्हणणे त्यांना पटले की नाही, ते संवादाआधीच कळते. मग तोच प्रसंग आवाजासह पाहावा.

क्रमाबद्दल माझे मत असे : ‘थ्री बेल्स टू पर्डिडो’ हा पहिला भाग अवश्य पाहावा. त्यानंतर पहिल्याच हंगामातला ‘हेलन ऑफ अबाजिनियन’ घ्यावा, जो जीन रॉडेनबेरी यांनी लिहिला आहे. त्यांनी या मालिकेसाठी दोन डझनांच्या आसपास भाग लिहिले आणि पुढे ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळकथांची मालिका निर्माण केली. तिसरा पाहावा तो याच हंगामातला ‘हे बॉइज रिव्हेंज’. हॉटेलातल्या चिनी नोकराला मालिकेत ‘हे बॉय’ असे हाकारले जाते आणि आज ते कानाला बोचते. या भागात मात्र, रेल्वेच्या कामावर मरण पावलेल्या भावाच्या निमित्ताने, ती भूमिका करणारे नट काम टाँग यांना त्या नोकराच्या वाट्याला क्वचित येणारे मोठे काम मिळाले आहे. पुढचे भाग मनाला येतील तसे निवडावेत. श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून बून यांचेच नाव दिसले, तर तो भाग सहसा वगळू नये.

‘जेनेसिस’ हा सहाव्या हंगामाचा पहिला भाग मात्र राखून ठेवावा. पॅलाडिन हा पॅलाडिन कसा झाला, हे त्यात कळते, म्हणून तो आधी पाहण्याचा मोह होतो. परंतु त्यात बून यांनी दोन भूमिका केल्या आहेत : जुगारात कर्जबाजारी झालेला तरुण, आणि ज्याला मारायला त्याला धाडले जाते तो काळ्या पोशाखातला, खोकणारा बंदूकबाज स्मोक. निदान तीस-चाळीस भाग पाहून झालेले असले, तर त्या तरुणाच्या चेहऱ्यावर अजून न आलेला पॅलाडिन आणि स्मोकच्या बोलण्यात आधीच असलेला पॅलाडिन, दोन्ही तुम्हाला ओळखू येतील.