नवं ग्राफिक्स कार्ड बसवण्याआधी

कार्डाचा खोका फोडण्याआधी एक गोष्ट तपासा: कोणतंही ग्राफिक्स कार्ड नसताना तुमच्या पीसीवर चित्र येतं का? इंटेल प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल, जसं आय५-१२४००एफ, तर त्यात स्वतःचं ग्राफिक्स नाही. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्येही नाही, ५६००जी मध्ये आहे. नसेल तर जुनं कार्ड विकायची घाई अजिबात करू नका. नवं कार्ड आठवडाभर नीट चालेपर्यंत ते घरातच राहू दे. स्क्रीन काळी पडली की बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सॉफ्टवेअरमध्ये, शिरायला तेवढी एकच वाट उरते.

बायोसचं काम जुनं कार्ड चालू असतानाच उरकून घ्या. मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवर नवी आवृत्ती आहे का बघा आणि बूट, म्हणजे पीसी सुरू होणं, लेगसी किंवा सीएसएम या जुन्या पद्धतीवर आहे की यूईएफआय या नव्या, हेही पाहा. जुन्या पद्धतीवर नवी कार्डं कधीकधी डिस्प्लेच देत नाहीत. पण विंडोज लेगसीत टाकलेली असेल तर सीएसएम बंद केल्यावर ती सुरूच होणार नाही, म्हणून डिस्क जीपीटी (यूईएफआयला लागणारी मांडणी) आहे का हे आधी पाहा. आरटीएक्स ५०६० मालिकेत काही मदरबोर्डांवर रीबूटनंतर स्क्रीन काळी राहत होती. त्यासाठी एनव्हिडियाने २०२५ मध्ये फर्मवेअर अपडेट दिलं. ते चालवायलाही आधी विंडोज दिसावी लागते! शिवाय बायोसला हात लावण्यापूर्वी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. ऐन वेळी ती मागितली गेली आणि सापडली नाही, तर डेटा अडकतो.

आता वीज. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, बाकीची एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्याच्या, केबलमधून. माझ्या भाच्याकडे आधी जीटीएक्स १०५० टीआय होतं, त्याला वेगळी केबलच लागत नव्हती. नवं आरटीएक्स ४०६० आलं ते ११५ वॅटचं, ८ पिनचं. तो बिचारा दोन तास रॅम काढून घालत बसला आणि केबल कॅबिनेटच्या मागच्या बाजूला तशीच बांधलेली होती. म्हणून ६+२ पिनची केबल आधीच मोकळी करून ठेवा. प्रोसेसरची ४+४ पिनची केबल तशीच दिसते, पण तिची जोडणी उलटी असते. जोर लावून ती कार्डात घुसवू नका. एसएमपीएस मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या होणारा, असेल तर दुसऱ्या एसएमपीएसची केबलही वापरू नका, त्यात कार्ड जळू शकतं.

मॉनिटर जुना, फक्त व्हीजीए या अ‍ॅनालॉग पोर्टचा असेल तर साधा अडॅप्टर चालणार नाही. नव्या कार्डांतून अ‍ॅनालॉग सिग्नल निघतच नाही, त्यामुळे एचडीएमआय ते व्हीजीए असा अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर आणून ठेवा. डिस्प्लेपोर्ट वापरणार असलात तरी एक चालू एचडीएमआय केबल जवळ असू द्या.

बसवताना एसएमपीएसचं बटण बंद करा, प्लग काढा आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून घ्या. कार्ड वरच्या लांब स्लॉटमध्ये लॅचचा टक आवाज येईपर्यंत दाबा, स्क्रू लावा. मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टात जाते, मदरबोर्डच्या नाही; ही चूक सर्वात जास्त होते. कार्डाचे पंखे फिरत नाहीत म्हणून घाबरू नका, बरीच कार्डं थंड असताना ते थांबवूनच ठेवतात.

तरीही चित्र नाही? मदरबोर्डवर सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (इथे ग्राफिक्स कार्ड), बूट असे छोटे दिवे असतील तर कोणता पेटून राहतो ते बघा. व्हीजीएचा असेल तर कार्ड काढून पुन्हा बसवा. डीरॅमचा असेल तर कार्डाला दोष देऊ नका, काम करताना बहुधा रॅम हललेली असते, ती पुन्हा बसवा. तरीही जमलं नाही तर प्लग काढून मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, म्हणजे बायोसच्या सेटिंग मूळ जागी येतात. विंडोजचा लोगो दिसून नंतर स्क्रीन जात असेल तर मात्र दोष बहुधा ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. विंडोजच्या सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर काढा.

कार्ड खराब ठरवण्याआधी ते मित्राच्या पीसीवर लावून बघा. तोवर बिल, खोका आणि सीरियल नंबरच्या स्टिकरचा फोटो जपून ठेवा. तो फोटो कार्ड बसवण्याआधीच काढा, नंतर स्टिकर आतल्या बाजूला जातो.