ठासणीच्या बंदुकीला कोणता नेम लावावा: माशी, खाच की छिद्र

आमची बंदूक वडिलांच्या वेळची. पीक संरक्षणाच्या परवान्यावरची, एकनळी, ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी गजानं ठासून भरायची. नळीच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढी पितळी माशी, म्हणजे नेम धरायचा मणी, आणि मागे काहीच नाही. वडिलांनी सारी जागल त्या एका माशीवर काढली. मीही काढली असती, पण पन्नाशीनंतर ती माशी मला दिसेनाशी झाली. दिवसा धूसर, दिवेलागणीला तर नुसता पिवळा डाग.

वरोरा तालुक्यात आमचं वावर आहे. तूर शेंगांवर आली की डुकरं धुऱ्याधुऱ्यानं येतात आणि एका रात्रीत आठ-दहा तासं, म्हणजे पिकाच्या ओळी, लोळवतात. असंच एका डिसेंबरात, हातात परवानगी असताना, मी तीस पावलांवरच्या डुकरावर बार टाकला. गोळी खांद्याऐवजी मागे पोटात लागली. जनावर नाल्यात शिरलं. दुसऱ्या दिवशी वनरक्षकाला सोबत घेऊन शोधलं तेव्हा ते पळसाच्या बुडाशी मेलेलं सापडलं. रात्रभर ते तिथं तडफडलं असणार. जखमी डुक्कर सकाळी एखाद्या मजुरावर धावलं असतं तर, हा विचार अजून मला सोडत नाही. त्यानंतर मी नेमाचा विषय मनावर घेतला. जे कळलं ते सांगतो.

आधी कागदांचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराबाबत त्याच कायद्याच्या कलम ११ खाली लेखी परवानगी मिळते, ती हातात असल्याशिवाय बंदूक वावरात न्यायची नाही. आणि बंदुकीला काही बसवायचं तर परवानाधारक कारागिराकडूनच. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात नेऊ नका.

आता मूळ गोष्ट. नुसती माशी असलेल्या बंदुकीला मागचा नेम नाही असं वाटतं, पण तो असतो. तो म्हणजे तुमचा डोळा. गाल दस्त्यावर दरवेळी त्याच जागी टेकला तरच नेम तोच राहतो. माझ्या बंदुकीत डोळ्यापासून माशी साधारण १ मीटरवर येते. घाईत गाल ५ मिलिमीटर वर राहिला तर ४० मीटरवर गोळी २० सेंटिमीटर वर जाते. छर्र्यांना हे चालून जातं, कारण ते पसरतात. एकेरी गोळीला चालत नाही. डुकराच्या खांद्यामागची मर्माची जागा जेमतेम वीतभर असते.

म्हणून मागे काहीतरी हवंच. पहिला पर्याय खाचेचा, म्हणजे नळीवर बसवलेली व्ही किंवा चौकोनी खाच. तरुण डोळ्याला ही उत्तम. पण तिच्यात डोळ्याला तीन गोष्टी एकाच वेळी बघाव्या लागतात: खाच, माशी आणि जनावर. चाळिशीचा चष्मा लागला की ते जमत नाही, एक स्पष्ट केलं की दुसरं विरघळतं. मीही आधी खाचच बसवून घेतली होती. कारागिरानं ती तिरपी बसवली, ते सरळ करून आणलं, तरी संध्याकाळी खाचेच्या कडा मला कापसासारख्या दिसत.

मग छिद्राचा नेम, ज्याला पीप साइट म्हणतात. हा आपल्याला लागू पडतो का ते एक रुपया खर्च न करता घरीच बघता येतं. लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या, एका बाजूला काळा रंगवा. सुईनं एक छिद्र पाडा, दाभणानं दुसरं, पेन्सिल आरपार घालून तिसरं. अंगणात एका खांबाला हाताच्या अंतरावर काडी बांधा, चाळीस पावलांवर भिंतीला वर्तमानपत्र चिकटवा. आधी उघड्या डोळ्यानं बघा. मग कागद डोळ्याजवळ धरून सुईच्या छिद्रातून बघा. काडीही रेखीव दिसते आणि वर्तमानपत्राच्या कडाही. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा चष्मा न लावता काडीच्या टोकावरचा फाटा मोजता आला. बारीक छिद्रातून प्रकाशाची बारीक शीरच आत येते, म्हणून जवळचं-दूरचं दोन्ही साफ दिसतं. शिवाय माशी छिद्राच्या मधोमध आणायला वेगळं लक्ष द्यावं लागत नाही, डोळा आपोआपच मध्य शोधतो.

पण इथंच थांबू नका. तोच कागद घेऊन सूर्य बुडाल्यावर पुन्हा उभे राहा. सुईच्या छिद्रातून आता फक्त काळोख दिसेल. दाभणाच्या छिद्रातून थोडंफार. पेन्सिलीच्या छिद्रातून माशी तितकी रेखीव नाही, पण जनावर दिसेल. डुकरं येतात ती याच वेळेला, म्हणून छिद्र निवडायचं ते या वेळेचं. मी ५ मिलिमीटर छिद्राचं कडं ठेवलं आहे. काही नेमांत आतली चकती फिरवून काढता येते: दिवसा निशाणी लावून पाहताना बारीक चकती, वावरात नुसतं कडं. पैसे थोडे जास्त लागले तरी असाच घ्या.

हा नेम नळीच्या मागच्या लोखंडी पट्टीवर बसतो. त्याचे दोन फायदे. एक, माशीपासूनचं अंतर वाढतं. नळीवरच्या खाचेत ते ६० सेंटिमीटर असेल आणि माशी १ मिलिमीटर सरकली, तर ४० मीटरवर जवळपास ७ सेंटिमीटर चूक. तेच अंतर ९५ सेंटिमीटर झालं की चूक ४ वर येते. दुसरं म्हणजे नळीला छिद्र पाडावं लागत नाही. जुन्या नळीच्या मागच्या भागात दारूचा दाब सगळ्यात जास्त असतो, तिथं ड्रिल लावू देऊ नका, कारागीर कितीही खात्री देवो. एक काळजी मात्र घ्या: कडं डोळ्याच्या फार जवळ नको. बार सुटला की बंदूक मागे येते. माझं कडं भुवईपासून चार बोटं लांब आहे.

रेड डॉटबद्दल बरेच जण विचारतात. त्यात जनावर मोठं दिसत नाही, काचेत फक्त लाल ठिपका दिसतो, आणि म्हाताऱ्या डोळ्याला तो सोपा जातो हे खरं. पण ज्यांच्या चष्म्यात सिलिंडरचा नंबर आहे त्यांना ठिपक्याऐवजी फुटलेला तारा दिसतो. बॅटरी लागते आणि काळ्या दारूचा धूर काचेवर बसतो. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात ठासणीच्या बंदुकीच्या हंगामात दुर्बीण आणि बॅटरीवरचे नेम दोन्ही चालत नाहीत. तिथले शिकारी छिद्र आणि चमकत्या फायबरची माशी यांवरच भागवतात. फायबरची माशी उरलेला उजेड गोळा करते, पण पूर्ण अंधारात तीही विझते. मी पितळी माशीच्या मागच्या बाजूला पांढऱ्या नेलपॉलिशचा थेंब लावतो. दुपारी नेम तपासताना चमक त्रास देते, तेव्हा चिमणीची काजळी धरतो.

माशी बारीकच असू द्या. १ मीटरवरची २ मिलिमीटरची माशी ४० मीटरवर ८ सेंटिमीटर जागा झाकते, ३ ची असेल तर १२. चष्मेवाल्याकडून दूरच्या नंबरात अर्ध्या नंबराची भर घालून एक वेगळा चष्मा करून घ्या. बायफोकलनं मान वाकडी होते आणि गाल जागचा हलतो.

घेण्याआधीची चाचणी अशी. घोड्याखाली ठिणगी पाडणारी टोपी नाही हे बघा, गज नळीत सोडा, गजावरची रिकाम्या नळीची खूण नळीच्या तोंडाशी आली का ते पक्कं करा. मग दिवेलागणीला धुऱ्यावर उभं राहून डोळे मिटा, बंदूक खांद्याला लावा, डोळे उघडा. माशी कड्यात दिसली पाहिजे. दहा वेळा करा. आठपेक्षा कमी वेळा दिसली तर तो नेम तुमचा नाही, किंवा दस्ता तुमच्या मापाचा नाही.

बसवल्यावर गोळी ज्या बाजूला न्यायची त्याच बाजूला मागचा नेम सरकवा, माशी असेल तर उलट. माशी घासली की गोळी वर जाते, आणि घासलेली माशी पुन्हा वाढत नाही. म्हणून कानस शेवटी. काळ्या दारूची राख ओल ओढते, तेव्हा बार झाल्यावर त्याच रात्री कड्याचे स्क्रू काढून गरम पाण्यानं धुवा, कोरडं करून तेलाचा हात फिरवा. सगळं जुळलं की नेमाच्या बैठकीवरून पट्टीवर सुईनं एक सरळ रेघ ओढून ठेवा. जागलीला निघण्याआधी मी कंदिलाच्या उजेडात ती रेघ बघतो. रेघ तुटलेली दिसली तर त्या रात्री बंदूक घरीच राहते, मी डबा वाजवायला जातो.