वकील, अ‍ॅडव्होकेट, बॅरिस्टर: नावाला बिरुद लावताना या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे वकील हा खालचा आणि अ‍ॅडव्होकेट हा वरचा, असं समजणं. बऱ्याच जणांना वाटतं की वकिलाचं प्रमोशन झालं की तो अ‍ॅडव्होकेट होतो. तसं काही नाहीये. वकील हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला, अर्थ साधा, ज्याच्यावर आपलं काम सोपवलं तो. अ‍ॅडव्होकेट लॅटिनमधून, मदतीला बोलावलेला माणूस. दोघंही शेवटी दुसऱ्याच्या वतीनेच बोलणार.

यातूनच दुसरी गडबड होते, जुनी पत्रं वाचताना. पेशव्यांचे वकील म्हणून हिंगणे दिल्लीत होते असं वाचलं की लोकांच्या डोळ्यासमोर काळा कोट येतो, पण ते होते राजदूत, दरबारातल्या बातम्या कळवायच्या, बोलणी करायची, हे त्यांचं काम. 1784 मध्ये बादशहा शाह आलमने पेशव्यांना वकील-ए-मुतलक केलं आणि त्यांच्या वतीने कारभार महादजी शिंद्यांकडे आला, त्यातला वकील म्हणजे तर बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी! तिथे कोर्टकचेरी शोधू नका. कोर्टातला अर्थ इंग्रजी अमदानीत पक्का झाला, 1879 च्या कायद्यात अ‍ॅडव्होकेट, वकील, प्लीडर, मुखत्यार असे वेगवेगळे वर्गच होते, म्हणून ती वर-खालची समजूत अगदीच हवेतून आलेली नाही, फक्त ती जुनी झालीये. 1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने कोर्टात उभं राहणाऱ्यांचा एकच वर्ग ठेवला, अ‍ॅडव्होकेट.

बॅरिस्टर तर आपल्याकडे कुणालाही कौतुकाने म्हणतात. पण इंग्लंडमध्ये ती पदवी लंडनच्या चार इन्सपैकी, म्हणजे बॅरिस्टरांच्या जुन्या संस्थांपैकी, एखादीतून बारवर बोलावल्यावरच मिळते (बार म्हणजे तिथला कठडा). बाबासाहेब आंबेडकर ग्रेज इनचे. भारतातून एलएलबी करून बॅरिस्टर होता येत नाही, कितीही जोरात भांडत असाल तरी.

एलएलबीचा रिझल्ट लागला की लगेच पाटीवर अ‍ॅड. लिहिणारे पण असतात. डिग्री वेगळी, सनद म्हणजे वकिलीचा परवाना वेगळा. राज्याच्या बार कौन्सिलकडे नाव नोंदवून सनद मिळाली की मगच अ‍ॅडव्होकेट, आणि पुढे ऑल इंडिया बार एक्झामसुद्धा पास व्हावी लागते.

सिनियरचं पण तेच. केस पिकले म्हणून कुणी सिनियर अ‍ॅडव्होकेट होत नाही, तो दर्जा सुप्रीम कोर्ट किंवा हायकोर्ट देतं. आणि त्यांना वकीलपत्र दाखल करता येत नाही, सोबत दुसरा वकील लागतोच, त्यामुळे केस घेऊन थेट त्यांच्याकडे धावू नका.

मुखत्यारपत्राचा घोळ तर घराघरात आहे. भावाने जमिनीच्या कामासाठी कुलमुखत्यारपत्र करून दिलं म्हणजे तुम्ही त्याचे वकील झालात असं नाही, त्याच्या वतीने सह्या, व्यवहार करता येतील, कोर्टात युक्तिवाद करायचा हक्क त्या कागदाने आपोआप मिळत नाही.

समोरच्याच्या पाटीबद्दल शंका आली तर सरळ सनद नंबर विचारा. महाराष्ट्रात तो एमएएच, मग आकडा, मग वर्ष असा असतो, वकीलपत्रावरही बहुतेक वेळा दिसतो, आणि राज्याच्या बार कौन्सिलकडे त्याची खात्री करता येते. नंबर विचारला म्हणून खरा वकील काही चिडत नाही.